फर्मवेअर आमचं, विक्री त्याची : नोटीस द्यायची तर कशाची?

प्रश्न : लहान, स्वस्त ई-पेपर वाचनयंत्रांसाठी आम्ही काही जण मोकळ्या वेळात ओपन-सोर्स फर्मवेअर (यंत्रातच भरलेला, ते चालवणारा प्रोग्राम) लिहितो. देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवून दाखवण्याचा भाग माझा. प्रकल्पाला एमआयटी लायसन्स आहे. आता एक विक्रेता हे फर्मवेअर भरलेली यंत्रं स्वतःच्या नावाने विकतोय. यंत्र सुरू केलं की त्याचा लोगो येतो, आमचा उल्लेख कुठेच नाही, आणि सोर्स कोड (माणसाला वाचता येईल असा मूळ प्रोग्राम) मागितला तर नकार. मी एक यंत्र विकत घेऊन त्याची फ्लॅश मेमरी वाचली. तिच्यात माझाच एरर मेसेज सापडला, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट : 'जोडाक्षर तुट्ले'. मला त्याला सोर्स कोड खुला करायला लावायचा आहे. दोन गोष्टी सांगून ठेवतो. ओळी तोडण्याचा कोड मी जीपीएल (वाटताना सोर्स कोडही त्याच अटींवर द्यायला लावणारं लायसन्स) असलेल्या एका वाचन-ॲपमधून आणला आहे, आणि पडद्याची वेव्हफॉर्म टेबलं कारखान्याच्या मूळ फर्मवेअरमधून काढली आहेत. आम्ही आणि विक्रेता वेगवेगळ्या देशांत आहोत. नोटीस पाठवू का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

पाठवा, पण आज नको. आणि सोर्स कोडसाठी तर नकोच. तो मागण्याचा हक्क एमआयटी लायसन्सने तुमच्याकडे ठेवलेलाच नाही. कोणीही घ्यावं, बदलावं, विकावं, बंद डब्यात घालून विकावं, अशी मुभा तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलीत. विक्रेत्याने पैसे कमावले किंवा स्वतःचा लोगो लावला, यात त्याने काहीही मोडलेलं नाही. राग मी समजू शकतो. त्याला कायद्यात कलम नाही.

एमआयटीची अट एकच आहे, आणि ती त्याने मोडली आहे. कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत, किंवा मोठा भाग उचलला असेल तर त्या भागासोबत, गेलाच पाहिजे. यंत्राच्या 'माहिती' पानावर, कार्डावरच्या एखाद्या फाइलमध्ये, सोबतच्या कागदावर, कुठेही चाललं असतं. तो कुठेच नाही. ही तुमची खरी तक्रार, आणि ती क्षुल्लक समजू नका. अमेरिकेत जेकबसेन विरुद्ध कॅट्झर हा खटला झाला. हौशी लोकांनी मॉडेल रेल्वे चालवण्यासाठी लिहिलेल्या मोफत सॉफ्टवेअरच्या फाइली एका व्यावसायिकाने लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या ओळी काढून वापरल्या होत्या. खालच्या कोर्टाने हा फार तर कराराचा भंग ठरवला. २००८ साली अपील कोर्टाने ते फिरवलं : श्रेय देण्याची अट ही परवानगीचीच अट आहे, ती मोडली तर परवानगीच्या बाहेर जाऊन केलेली नक्कल होते, म्हणजे कॉपीराइटचा भंग. तिथलं लायसन्स वेगळं होतं आणि तो निकाल तुमच्या विक्रेत्याच्या देशातल्या कोर्टाला बांधील असेलच असं नाही. पण तुमच्यासारख्या प्रकरणात वकील पहिल्यांदा हाच निकाल काढतात. फुकट दिलेल्या कोडलाही विक्री थांबवणाऱ्या मनाई हुकुमाचं संरक्षण मिळू शकतं, एवढं त्यातून पक्कं हाती लागतं.

आता तुमची 'सांगून ठेवतो' म्हटलेली पहिली गोष्ट. खरं पाणी तिथे मुरतंय.

तुम्ही पाठवलेली फाइल उघडून पाहिली. वर कॉमेंट आहे : 'तिकडून घेतलं, नंतर नीट लिहू'. नंतर कोणी नीट लिहिलेलं नाही. तुमचं म्हणणं असं की मूळ कोड दुसऱ्या भाषेत होता, यंत्रातल्या चिपकडे जेमतेम ४०० किलोबाइट रॅम, म्हणून तुम्ही तो सी++ मध्ये बराच आटवून लिहिला, आणि आता तो तुमचा झाला. तसं होत नाही. मूळ समोर ठेवून, त्याची रचना, क्रम आणि फाटे तसेच ठेवून दुसऱ्या भाषेत उतरवलेला कोड हे रूपांतरच, आणि रूपांतराचा हक्क मूळ लेखकाकडे असतो. शिवाय फर्मवेअरमध्ये 'हा भाग वेगळा, तो भाग वेगळा' म्हणायला जागा फारशी उरत नाही. सगळं एकत्र जोडून एकच बायनरी (यंत्राला चालवता येईल असं तयार रूप) बनते आणि तीच फ्लॅशमध्ये जाते. त्या बायनरीत जीपीएलचा कोड असेल तर ती संपूर्ण बायनरी जीपीएलच्या अटींवरच वाटता येते. तुमच्या दारावर एमआयटीची पाटी आहे. ती पाटी लावण्याचा अधिकार त्या फाइलपुरता तुम्हाला नव्हता.

अशा स्थितीत नोटीस पाठवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. विक्रेत्याच्या वकिलाला तुमची रेपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवलेली जागा) उघडून ती कॉमेंट शोधायला वेळ लागणार नाही. उत्तराचा पहिला परिच्छेद तिच्यावरच असेल : तुम्ही स्वतः दुसऱ्याचं लायसन्स मोडून माल वाटलात, आमच्या अशिलाने तुमच्या पाटीवर विश्वास ठेवला. त्यातली मेख अशी की जीपीएलच्या जोरावर विक्रेत्याकडे सोर्स कोड मागता येतो, पण तो मागण्याचा कॉपीराइटवरचा हक्क त्या वाचन-ॲपच्या लेखकांचा आहे. आणि ते विक्रेत्याकडे जातील तेव्हा वाटेत आधी तुमचं घर लागतं.

घाबरून जाण्यासारखं मात्र काही नाही. तुमचा कोड पहिल्यापासून उघड्यावर आहे. जीपीएलचं सगळ्यात जड ओझं, म्हणजे बायनरीसोबत सोर्स देणं, ते तुम्ही नकळत उचलत आला आहात. राहिलं ते कागदोपत्री : मूळ लेखकांचं नाव, जीपीएलचा मजकूर, तुम्ही बदल केल्याची नोंद आणि खरी पाटी. त्यासाठी दोन रस्ते आहेत.

एक, संपूर्ण फर्मवेअर यापुढे जीपीएलखाली वाटायचं. बाकीच्यांनी एमआयटीखाली दिलेला कोड जीपीएलच्या कामात घालता येतो. त्यांच्या कॉपीराइटच्या ओळी जपल्या की झालं, प्रत्येकाची सही लागत नाही. तरी न विचारता करू नका. लोक त्यावरून प्रकल्प सोडून जातात, आणि ते भांडण कोर्टातल्या भांडणापेक्षा महाग पडतं. पण आधी त्या ॲपच्या जीपीएलची आवृत्ती बघा, तुमच्या पत्रात ती नाही. तुमचं फर्मवेअर चिप बनवणाऱ्याच्या ईएसपी-आयडीएफ या तयार सॉफ्टवेअर-संचावर उभं आहे आणि त्याचं लायसन्स अपाची २.० आहे. अपाची २.० जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतं. 'फक्त दुसरी आवृत्ती' असं लिहिलेल्या कोडशी जुळत नाही, असं त्या आवृत्तीच्या कर्त्यांचंच, म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. ॲप 'फक्त दुसरी' असेल तर हा रस्ता बंद.

दुसरा रस्ता तो कोड काढून टाकण्याचा, आणि मला तोच बरा वाटतो. ओळी कुठे तोडायच्या ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. कॉपीराइट अभिव्यक्तीला मिळतो, कल्पनेला किंवा कार्यपद्धतीला मिळत नाही. ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ९ मध्ये ते लिहिलेलंच आहे. परिच्छेदाच्या ओळी पाडण्याची डोनाल्ड क्नूथ आणि मायकेल प्लास यांची पद्धत १९८१ सालापासून छापील स्वरूपात सगळ्यांसमोर आहे. ती वाचून नव्याने लिहा, फक्त तुम्ही लिहू नका. तुमच्या डोक्यात तो जुना कोड बसलेला आहे. ज्याने तो कधी पाहिला नाही अशा सोबत्याला वर्णन द्या आणि लिहू द्या.

दोन्हींपैकी काहीही करा, त्या ॲपच्या लेखकांना मात्र आधी स्वतःहून कळवा. त्यांचं लायसन्स तिसऱ्या आवृत्तीचं असेल तर कलम ८ तुमच्या बाजूचं आहे : भंग थांबवला आणि पुढच्या ६० दिवसांत त्यांनी आक्षेप कळवला नाही, तर गेलेला परवाना कायमचा परत येतो. पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत सुधारलं, तरी येतो. दुसऱ्या आवृत्तीत अशी सोय नाही, तिथे परवाना आपोआप संपतो. जुन्या रिलीझही तशाच पडू देऊ नका. काढा, नाहीतर योग्य मजकूर जोडा.

त्याच झाडाझडतीत फॉन्टही बघून घ्या. देवनागरी फॉन्ट तुम्ही बिटमॅप करून, म्हणजे अक्षरांची ठिपक्यांची चित्रं बनवून, हेडर फाइलमध्ये आकड्यांची रांग म्हणून घातला आहे. मूळ फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सचा. सॉफ्टवेअरसोबत तो देता येतो, विकताही येतो, पण कॉपीराइटची ओळ आणि लायसन्स सोबत हवं. आणि त्या लायसन्सच्या व्याख्येत फॉरमॅट बदलणं हाही बदलच आहे. म्हणजे कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर तुमच्या बिटमॅपला ते नाव लावता येत नाही. फाइलीचं नाव बदला, मूळ कोणता हे कॉपीराइटच्या ओळीतून दिसू द्या. पाच मिनिटांचं काम.

वेव्हफॉर्म टेबलांबद्दल मला तेवढी चिंता नाही. पडद्यावरचा ठिपका एका छटेतून दुसरीत न्यायला किती वेळ कोणतं व्होल्टेज द्यायचं, याचे ते आकडे. पडद्याच्या भौतिक गुणांनी ठरलेले. त्यांत लेखकाची अशी अभिव्यक्ती फारशी नसते. यंत्र तुम्ही पैसे देऊन घेतलेलं, आणि आपला स्वतंत्र प्रोग्राम दुसऱ्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती काढायला बहुतेक कायदे वाट ठेवतात : युरोपात २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशाचं कलम ६, भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एबी), अमेरिकेत १९९२ चा सेगा विरुद्ध अकोलेड हा निकाल. पण भारतीय आणि युरोपीय कलमांत एक अट आहे, ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नसावी. पडद्याच्या कंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये टेबलांची रचना असेल तर तिच्यावरून स्वतः आकडे बसवा, चाचणीच्या नोंदी ठेवा आणि विषय संपवा. कारखान्याच्या फर्मवेअरची अख्खी प्रत मात्र रेपॉझिटरीत 'परत जाण्यासाठी' म्हणून ठेवली असेल तर आजच काढा. तिला कोणतंच कलम वाचवणार नाही.

आता नोटीस. प्रकल्पाच्या नावाने पाठवू नका; तुमचा समूह नोंदणीकृत नाही, कायद्याच्या नजरेत तो अस्तित्वातच नाही. हक्क ज्याचा त्याचा, ज्याने जेवढं लिहिलं तेवढ्याचा. म्हणून नोटीस तुमच्या नावाने, जोडाक्षरांच्या भागापुरती. सोबत्यांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी आपापल्या भागासाठी सह्या कराव्यात. कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, ते बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानेच ठरवून टाकलं आहे. दावा लावायची वेळ आली तर काही देशांत आधी नोंदणी मागतात, ते तेव्हा बघू.

पुरावा तुमच्याकडे उत्तम आहे. हुशारीने लिहिलेला कोड दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतो, 'तुट्ले' दोघांना सुचत नाही. यंत्राची पावती, फ्लॅशमधून वाचलेली पूर्ण फाइल, तिचा हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा ठसा), आणि तो मेसेज ज्या कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या बदलात, पहिल्यांदा आला तिची तारीख, हे एकत्र बांधून ठेवा. रिपॉझिटरीतली ती चूक एवढ्यात दुरुस्त करू नका.

मागणी छोटी ठेवा : पुढच्या सगळ्या यंत्रांत आणि अपडेटमध्ये लायसन्सचा मजकूर, विकलेल्या यंत्रांसाठी अपडेटमधून किंवा उत्पादनाच्या पानावर तोच मजकूर, आणि लेखी कबुली. विक्रेत्याला हे मान्य करायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून तो बहुधा मान्य करेल. सोर्स कोडची मागणी सोबत घातलीत तर तो मागणीच्या चुकीवर भांडेल आणि खऱ्या अटीला बगल देईल. विक्रीच्या पोर्टलवर थेट 'चोरीचा माल' अशी तक्रार करायचा मोहही आवरा. अशा तक्रारीत हक्क आपला असल्याचं प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. 'संपूर्ण फर्मवेअर माझं' असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर अमेरिकी कायद्यात तरी नुकसानभरपाई बसते.

यापुढे असं होऊ नये म्हणून लायसन्स बदलायचा विचार असेल, तर तो फक्त पुढच्या कोडला लागू होईल. तुम्ही सगळ्यांनी स्वतः लिहिलेला जो कोड आज त्याच्या हातात आहे, तो एमआयटीची अट पाळून त्याला कायम वापरता येईल. जीपीएलची तिसरी आवृत्ती घेतलीत तर एक जास्तीची गोष्ट मिळते : घरगुती यंत्रात असं फर्मवेअर विकणाऱ्याला, बदललेलं फर्मवेअर त्याच यंत्रात बसवण्यासाठी लागणारी माहितीही द्यावी लागते. तुमच्या चिपमध्ये सिक्युअर बूटचा (फक्त ठरावीक सहीचंच फर्मवेअर चालू देणाऱ्या कुलपाचा) फ्यूज एकदा जाळला की परत येत नाही. उद्या या विक्रेत्याने तो जाळून विकायला सुरुवात केली तर एमआयटी तुम्हाला काहीच देणार नाही.

ग्राहकांची यंत्रं बंद पडली तर तुमच्यावर येईल का, हेही पत्राच्या शेवटी विचारलंत. 'जसं आहे तसं' हे कलम तुमच्या लायसन्समध्ये आहे आणि तुम्ही कोणाकडून पैसे घेतलेले नाहीत. विकणारा तो आहे, ग्राहकाला हमी त्याचीच. तो त्या कलमाच्या आड लपू शकणार नाही.

त्या ॲपच्या लायसन्सची आवृत्ती आणि कमिटची तारीख पाठवा, म्हणजे नोटिशीचा मसुदा करून देतो.