बाळाच्या नाकात तेल घालावं का?

प्रश्न : नात २२ दिवसांची आहे. अंघोळीनंतर मालिशवाल्या मावशी तिच्या नाकात दोन थेंब खोबरेल सोडतात, मग ओवा-शेपांची धुरी देतात. ती खोकत नाही, गप्प पडून राहते. म्हणजे सोसतंय ना?
– एक आजी

उत्तर : आजी, तिचं ते गप्प पडणंच मला खटकतंय. घशाशी काही आलं की आपल्याला ठसका लागतो. एवढ्याशा बाळाला बहुधा लागत नाही. ते गिळतं, श्वास रोखतं, हृदयाचे ठोकेही मंदावतात. तेल तर इतकं गुळगुळीत, की ठसक्याशिवायच फुप्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनिया होऊ शकतो. धुरीही आजपासून बंद. मावशींना म्हणावं, अंग हवं तर हलक्या हाताने चोळा, नाक सोडा! ओठ निळसर दिसले किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, तर तडक दवाखाना गाठा.