क्रिल मॉडेलमधला ‘एक टक्का’: पेंग्विनची रेघ का हलत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंटार्क्टिकाजवळच्या ‘क्षेत्र ४८’ या मासेमारी क्षेत्रासाठी क्रिल (कोळंबीसारखा छोटा सागरी जीव, पेंग्विनचं मुख्य खाद्य), पेंग्विन आणि मासेमारीचं मॉडेल बांधलंत. पकड शून्य ठेवा नाहीतर वर्षाला ६ लाख २० हजार टन (तिथली सध्याची एकूण मर्यादा), आलेखातली पेंग्विनच्या संख्येची रेघ जागची हलत नाही. मग निर्बंध हवेत कशाला? कोड बरोबर असेलही. गफलत आहे ती सगळं क्षेत्र एकाच कप्प्यात कोंबण्यात.

२०१९ च्या सर्वेक्षणात क्षेत्र ४८ मध्ये सुमारे ६ कोटी २६ लाख टन क्रिल मोजलं गेलं. ६ लाख २० हजारांना त्याने भागलं की एक टक्का येतो, आणि एक टक्क्याने कुठलंच मॉडेल हलत नाही. पण जहाजं सगळ्या क्षेत्रभर फिरत नाहीत. ती ब्रॅन्सफिल्ड सामुद्रधुनीत, साउथ ऑर्कनी बेटांच्या वायव्येला आणि साउथ जॉर्जियाच्या उथळ पट्ट्याच्या कडेला गर्दी करतात. पिल्लं भरवणारा पेंग्विनही वसाहतीपासून काही दहा किलोमीटरच जाऊ शकतो, म्हणजे दोघं त्याच पाण्यात. समजा त्या तुकड्यात हंगामात ४ लाख टन क्रिल आहे आणि जहाजांनी ४० हजार टन उपसलं, तर स्थानिक दर (पकड भागिले तिथलं क्रिल) ०.१ झाला. किंग जॉर्ज आणि लिव्हिंग्स्टन बेटांवरच्या तीसेक वर्षांच्या नोंदींवर २०२० साली जो अभ्यास आला, त्यात स्थानिक दर ०.१ किंवा त्याहून जास्त असताना पेंग्विनची कामगिरी खालावलेली दिसली, आणि तीही प्रतिकूल हवामानाच्या वर्षांइतकीच.

म्हणून आधी कप्पे पाडा. कॅमलारने (अंटार्क्टिक सागरी सजीव संसाधनांच्या संवर्धनाचा आयोग, भारतही त्याचा सदस्य आहे) २००२ मध्ये आखलेले १५ छोटे व्यवस्थापन विभाग सुरुवातीला पुरेसे आहेत. बाहेरून येणाऱ्या क्रिलसाठी सीमेवरचे एकदोन कप्पे वेगळे ठेवा. कप्प्यांमधली ये-जा सागरी प्रवाहांच्या मॉडेलवरून काढतात, पण क्रिल म्हणजे वाहत जाणारी धूळ नव्हे. ते पोहतं आणि दिवस-रात्रीनुसार खोली बदलतं. या एका गृहीतकावर निकाल पार उलटू शकतो, त्यामुळे ‘अजिबात ये-जा नाही’ आणि ‘प्रवाहाबरोबर पूर्ण वाहतूक’ अशी दोन्ही टोकं चालवून पाहाच.

वर्षाची सरासरी हा दुसरा सापळा. ऑक्टोबर–मार्च आणि एप्रिल–सप्टेंबर असे किमान दोन हंगाम करा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळची (उपक्षेत्र ४८.१) पकड तिथल्या शरद ऋतू आणि हिवाळ्याकडे, म्हणजे दुसऱ्या हंगामाकडे सरकली आहे. त्याचा फटका पिल्लांच्या वजनात न दिसता नव्याने समुद्रात उतरलेल्या पिल्लांच्या पहिल्या हिवाळ्यात बसू शकतो. एकाच टप्प्यात मागणी आणि पकड मिळून उपलब्ध क्रिलपेक्षा जास्त झाली तर आधी कोणाला द्यायचं, हेही कोडमध्ये स्पष्ट लिहा. बऱ्याच जणांच्या कोडमध्ये पकड आधी वजा होते की भक्षण, हे ओळींच्या क्रमावर ठरतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्रिलच्या नव्या पिढीची भर सरासरीने भरू नका. अंटार्क्टिक क्रिल पाच-सहा वर्षं जगतं आणि एखादी जोमदार पिढी पुढची काही वर्षं साठा तोलून धरते. मधली वर्षं रिकामी जातात, आणि भक्षक कोसळतात ते सलग दोन-तीन रिकाम्या वर्षांत. भर दरवर्षी स्वतंत्र फासा टाकून काढलीत तर अशा सलग रिकाम्या वर्षांचं प्रमाण चुकतं. (कोकणातल्या जवळ्याचे आकडे ‘तसंच काहीतरी’ म्हणून वापरलेले पाहिलेत. जवळा वेगळ्या गटातला आणि फार कमी जगणारा. त्याचा मृत्युदर इथे लावू नका.)

भक्षकांत ‘पेंग्विन’ असा एकच गट ठेवू नका. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला जेंटू वाढत असताना अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप घटले आहेत. बेरीज केली की सगळं आलबेल दिसतं. पिल्लं प्रजननाला परतायला काही वर्षं लागतात, तेवढा विलंब मॉडेलमध्ये हवाच, नाहीतर मॉडेलची पाच वर्षांची धाव (एकदा चालवणं) काहीच दाखवणार नाही. हंपबॅक देवमासे पुन्हा वाढलेत. त्यांची मागणी वीस वर्षांपूर्वीच्या संख्येवर गोठवली तर क्रिल उगाच मुबलक दिसतं.

कॅमलारचा जुना निर्णयनियम पडताळणीला घ्या. २० वर्षांच्या मासेमारीत अंडी घालणारा साठा मूळच्या २० टक्क्यांखाली जाण्याची शक्यता १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि अखेरीस साठ्याचा मध्यक मूळच्या ७५ टक्के उरायला हवा. दोन्हींतून जो कमी दर निघेल तो घ्यायचा. ७५ हा आकडा भक्षकांसाठी सोडलेला वाटा आहे. भक्षकांचा विचार न करणाऱ्या, एका जातीपुरत्या हिशेबातले ५० आणि मासेमारीच नसतानाचे १०० यांच्या मधोमध तो धरला. याच वाटेने ५६ लाख १० हजार टनांची मर्यादा निघाली होती; ती छोट्या विभागांत वाटली जाईपर्यंत प्रत्यक्षात ६ लाख २० हजारांचीच मर्यादा लागू आहे. एक अडचण हमखास येते: भरीचा चढउतार फार मोठा धरला तर पकड शून्य असतानाही साठा दहा टक्क्यांहून जास्त वेळा २० टक्क्यांखाली जातो आणि पहिला निकष निरर्थक ठरतो. म्हणून पकड शून्य ठेवून एक धाव आधी करा.

निकाल वाचताना प्रत्येक धावेला तिची मासेमारीविरहित जोडधाव द्या, दोन्हींना यादृच्छिक आकड्यांचं बीज तेच. मग भक्षक जोडधावेच्या ७५ टक्क्यांखाली किती धावांत गेले ते मोजा. सरासरी रेघेपेक्षा हा धोका जास्त उपयोगी.

पकडीच्या वाटपाचे किमान तीन पर्याय ठेवा: जिथे आजवर पकडलं त्या प्रमाणात, क्रिलच्या साठ्याच्या प्रमाणात आणि भक्षकांची मागणी वजा करून उरलेल्या साठ्याच्या प्रमाणात. आजवरच्या मॉडेलांत भक्षकांसाठी पहिला पर्याय सर्वांत वाईट ठरला आहे. प्रजननकाळात वसाहतींभोवती बंदी तपासणार असाल तर तिथली पकड पुसू नका, शेजारच्या कप्प्यात ढकला. जहाजं घरी परतत नाहीत.

हे नुसतं अभ्यासापुरतं राहिलेलं नाही. ६ लाख २० हजार टन उपक्षेत्रांत विभागणारा नियम २०२४ मध्ये मुदत संपून गळला. त्यात ४८.१ ला २५ टक्के, म्हणजे १ लाख ५५ हजार टन मिळत. २०२५ च्या हंगामात एकूण मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि ऑगस्टमध्येच मासेमारी बंद करावी लागली. विभागणीसह एक धाव आणि विभागणीशिवाय एक, अशी तुलना आधी करा. तुमची रेघ तिथे हलेल.