अकोल्याहून लंडनला विज्ञान पत्रकारिता शिकायला निघालेल्या मुलीला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कृषी पदवी झाली, अकोल्यात एका मराठी दैनिकात शेतीचं पान सांभाळता, आता कर्ज काढून ब्रिटनमध्ये विज्ञान पत्रकारिता करावी की विकास संवाद (म्हणजे विकासकामांची माहिती लोकांपर्यंत पोचवण्याचं काम), आणि पुढे तिथेच नोकरी लागेल का. मीही कृषीचीच. बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहून शेती संशोधनाच्या संवादाचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

कोर्स निवडण्याआधी व्हिसाचे नियम वाचा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वयंरोजगाराला परवानगी नाही. म्हणजे फ्रीलान्स लेख लिहून मानधन घेणं बंद. आपल्या क्षेत्रात सुरुवातीची बहुतेक कामं फ्रीलान्सच असतात, त्यामुळे हा नियम इतरांपेक्षा आपल्याला जास्त नडतो. शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर फ्रीलान्स चालतं. त्याची मुदत २ वर्षं आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. त्यानंतर राहायचं तर व्हिसा प्रायोजित करणारा मालक हवा. जुलै २०२५ पासून त्यासाठी साधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नुकतं शिक्षण संपवलेल्यांना सवलतीत ३३,४००. छोट्या मासिकाला नवख्या वार्ताहरासाठी एवढा पगार आणि प्रायोजकत्वाची कटकट दोन्ही परवडणं अवघड. ‘आधी पोचू, मग बघू’ हा हिशोब इथे चालत नाही.

शिष्यवृत्तीचंही तसंच. चिव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर फी आणि राहण्याचा खर्च सुटतो, पण कोर्सनंतर २ वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. तुम्हाला इथे नोकरी करायची असेल तर ती अट आड येईल. परत जाऊन काम करायचं असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. माझं मत विचाराल तर तिच्यासाठी जीव तोडून प्रयत्न करा. शेतजमीन गहाण ठेवून मात्र येऊ नका.

आता कोर्स. लंडनमध्ये इम्पीरियल कॉलेजचा विज्ञान संवादाचा एम.एस्सी. १९९१ पासून चालू आहे. तिथे विज्ञान आणि समाज यांच्या नात्याचा विचार जास्त. सिटी विद्यापीठातलं शिक्षण बातमीदारीच्या अंगाने जाणारं. तुम्ही आधीच बातमीदार आहात, त्यामुळे मी असते तर पहिल्याकडे वळले असते. विकास संवादाच्या नोकऱ्यांचे दिवस सध्या वाईट आहेत. यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदत देणारी सरकारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली आणि ब्रिटनने आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलंय. पैसा आटला की संवादाच्या जागांवर लवकर गदा येते. आज एका जागेसाठी पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं रांगेत उभी आहेत.

एवढं सगळं असूनही नाद सोडा असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्याकडे जे आहे ते इथल्या वर्गात कुणाकडे नसेल. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचं एक पत्रक आम्ही विदर्भातल्या शेतकरी बायकांना वाचायला दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणाऱ्या) सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले तर उपाय करा. एका बाईंनी विचारलं, ‘मोजून झाल्यावर पतंग काढून टाकायचे का? नाहीतर उद्या तेच परत मोजले जातील.’ तीन शास्त्रज्ञांनी तपासलेल्या मजकुरात ही ओळच नव्हती. ती घातली, तेव्हा कुठे पत्रक कामाचं झालं. असा प्रश्न कुठे, कुणाला विचारायचा हे तुम्हाला तिथे राहून कळतं. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, त्याची बातमी आणि त्यामागचं विज्ञान एकाच लेखात मांडणारी माणसं फार थोडी आहेत.

म्हणून येण्याआधी वर्षभर अकोल्यातूनच इंग्रजीत लिहा. सायडेव्ह.नेट हे संकेतस्थळ २००१ पासून विकसनशील देशांतल्या विज्ञानावर लिहितं आणि तिथल्याच पत्रकारांचे लेख घेतं. संपादकाला मेल पाठवताना विषयाचं महत्त्व सांगत बसू नका. नवं काय घडलं, कुणाशी बोलणार, तुमच्याशी असहमत कोण, हे पाच-सहा ओळींत लिहा. इंग्रजीचा बाऊ करू नका. वाक्यं संपादक सुधारून घेतात, पण एकाच शास्त्रज्ञाच्या भरवशावर लिहिलेली बातमी परत पाठवतात. असे चार-पाच लेख हाताशी आले की कोर्सचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्या जोरावर करा. अर्ज भरायच्या दिवशी व्हिसाचे आकडे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा, ते सारखे बदलतात.