वॉर्डाचा नंबर सोड, वाडी धर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकी, मी रत्नागिरीत मुरुगवाड्यात राहते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आमच्या वॉर्डातल्या निवडणुकांचा इतिहास लिहायला घेतलाय. पण आजोबा आपला वॉर्ड एक सांगतात, बाबा दुसरा आणि 2025 च्या डिसेंबरच्या मतदार यादीत तिसराच नंबर होता. शिवाय निकालात एकेका प्रभागात दोन-दोन विजेते दिसतात. सुरुवात कुठून करू? आजवरच्या नगरसेवकांची यादी केली तर पुरेल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : घरात तिघांचे तीन नंबर, आणि तिघेही खरंच सांगतायत. निवडणुकीआधी प्रभाग रचना नव्याने होते. रचना उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्येकडून पूर्वेकडे यायचं, मग पश्चिमेकडे वळायचं, शेवट दक्षिणेला करायचा आणि त्याच क्रमाने नंबर द्यायचे, असा राज्य निवडणूक आयोगाचा दंडक आहे. म्हणजे वर परटवण्याकडे एखादा प्रभाग वाढला की खाली राजिवड्यापर्यंत सगळ्यांचे नंबर सरकतात. तुमच्या पाखाडीचा एक दगडही जागचा हललेला नसतो. म्हणून नंबर सोड आणि वाडी धर. प्रत्येक निवडणुकीची अंतिम प्रभाग रचनेची अधिसूचना मिळव. तिच्यात प्रभागाची व्याप्ती आणि चतुःसीमा शब्दांत लिहिलेली असते, सोबत नकाशा असतो. तुमचं घर त्या-त्या वेळी कुठल्या नंबरात होतं, याचा तक्ता आधी कर. तो झाल्याशिवाय एकाही नगरसेवकाचं नाव लिहू नकोस, नाहीतर दुसऱ्याच्या वाडीचा इतिहास आपल्या नावावर चढेल.

वाडीसुद्धा अख्खी एका प्रभागात राहील, याची खात्री नाही. प्रभाग जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे एका प्रगणकाने मोजलेल्या घरांच्या गटांवरून बांधतात, लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली चालते. 2025 ची निवडणूकसुद्धा 2011 च्या जनगणनेवरच झाली. मधल्या चौदा वर्षांत माळनाक्यापासून वर किती इमारती उठल्या, ते तू रोज बघतेस. त्या माणसांची संख्या रचनेत धरलेलीच नाही.

मी कोकणातल्याच एका नगरपरिषदेच्या कचेरीत नोकरी केली. निवडणूक लागली की यादी फोडायचं काम माझ्या टेबलावर यायचं. नगरपरिषदेची मतदार यादी वेगळी नसते, विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागवार फोडतात. एकीकडे यादीचा भाग, दुसरीकडे नकाशा. हद्द पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून गेलेली. अलीकडचे एका प्रभागात, पलीकडचे दुसऱ्यात. घर क्रमांकाच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं वाडीचं नाव. एकाच आडनावाची चुलत घरं, मध्ये कमरेइतका गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण. यातला कोण अलीकडचा, हे कागदावरून कळायचं नाही. मग घरपट्टीची बिलं वाटणाऱ्या वसुली कारकुनाला बोलवायचं, कारण गावातली दारं त्यालाच तोंडपाठ. तो बोट ठेवून सांगायचा, ‘हे विहिरीकडचे, हे वरच्या अंगाचे.’ प्रारूप यादी लागली की हरकती यायच्या. नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्यात, अशी तक्रार घेऊन माणसं संतापून यायची, आणि त्यांचा संताप रास्त होता. या हरकती आणि त्यांवरचे निर्णय हा तुझ्या प्रकल्पाचा खरा ऐवज आहे. मतदान दहा-दहा मतांनी फिरतं तिथे गडग्याच्या कुठल्या बाजूला रेघ गेली, यावर निकाल ठरतो.

आता दोन विजेत्यांचं. नगरपरिषदेत कधी एका वॉर्डाला एक नगरसेवक असायचा, मध्येच एका प्रभागातून चार निवडायची पद्धतही आली. 2016 पासून दोन आहेत. जागा ‘अ’ आणि जागा ‘ब’ या दोन स्वतंत्र लढती असतात. त्यात 2016 ला नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणजे एका मतदाराची तीन मतं. त्यामुळे दोन्ही जागांची मतं बेरीज करून ‘एवढ्या लोकांनी मतदान केलं’ असं लिहू नकोस. थेट नगराध्यक्ष हेही कायम नाही. 2001 ला होता, मग नगरसेवकांमधून निवडायचं ठरलं, 2016 ला परत थेट, 2020 ला रद्द, 2022 ला पुन्हा थेट. रत्नागिरीत तर 2019 च्या डिसेंबरात नुसत्या नगराध्यक्षपदासाठी पोटनिवडणूक झाली. ती तक्त्यात घ्यायला विसरू नकोस.

आरक्षणाचा रकाना मात्र प्रत्येक वर्षासमोर हवाच. त्याच्याशिवाय नावांची यादी मुकी राहते. महिलांना महाराष्ट्रात आधी 30 टक्के जागा होत्या, 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून किमान एक तृतीयांश झाल्या आणि 2011 पासून निम्म्या. कुठली जागा आरक्षित होणार, याची सोडत मी जवळून पाहिली आहे. सारख्या मापाच्या चिठ्ठ्या, सारख्या घड्या, पारदर्शक बरणी, आणि शाळेतलं एखादं लहान मूल हात घालून चिठ्ठी काढतं. सभागृहात पाच वर्षं वॉर्ड बांधणारा माणूस बसलेला असतो आणि त्या चिठ्ठीने त्याची जागा महिलेसाठी जाते. मग तो बायकोला उभी करतो. लोक हसतात, मला हसू येत नाही. त्यातल्या कितीतरी जणी दुसऱ्या वर्षी स्वतः पाण्याच्या टाकीवर जाऊन व्हॉल्व्हमनला जाब विचारायला लागल्या. तुमच्या वॉर्डात अशी कोणी असेल तर तिला जाऊन भेट. राजपत्रात नाव सापडेल, हे सापडायचं नाही.

आणि एक काळ असा आहे की तिथे लिहायला नावच नाही. 2016 ला निवडून आलेल्यांची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. 4 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी, म्हणजे आधी पुऱ्या करायच्या तीन अटी सांगितल्या, पुढे ओबीसींची आकडेवारी तपासणारा बांठिया आयोग, प्रभाग रचनेच्या अधिकाराचा वाद, तारखांवर तारखा. शेवटी 6 मे 2025 ला न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला. मतदान 2 डिसेंबरला झालं आणि निकाल लागला 21 डिसेंबरला. मधली चार वर्षं प्रशासक. दिवा गेला, गटार तुंबलं, तर मत मागायला दारात आलेला माणूस कुठेच नव्हता. मला याची चीड आहे. बहुतेक जण 2016 च्या नावाखाली थेट 2025 चं नाव लिहितात. तू तसं करू नकोस. तिथे स्वतंत्र पान ठेव आणि त्या काळात वाडीने आपली कामं कोणाकडून करून घेतली, ते शेजाऱ्यांना विचारून लिही.

कागद मिळवायचे तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज कर, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘इतिहास द्या’ असं लिहू नकोस. वर्ष घालून अंतिम रचना, आरक्षण आणि मतदान केंद्रवार निकाल, असं नेमकं माग. राज्य निवडणूक आयोग 1994 चा, त्यामुळे त्याआधीच्या कागदांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातही अर्ज कर. जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं आहे, तिथे जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी कर. मतदानाची टक्केवारी लावताना त्या दिवसांत काय चाललं होतं, तेही बघ. 2016 ला नोटाबंदी 8 नोव्हेंबरला आणि मतदान 27 ला होतं. माणसं बँकेच्या रांगेत उभी होती.

प्रश्न : आम्ही कुवारबावला राहतो. नोकरी, शाळा, बाजार सगळं रत्नागिरीत. मग नगरपरिषदेला आमचं मत का नाही?
— एक वाचक

उत्तर : कारण कुवारबाव ही ग्रामपंचायत आहे, जसं नाचणे, मिरजोळे, शिरगाव. तुम्ही ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला मत देता, शहरातला मतदार या तिन्हींना देत नाही. शासनाने 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली हद्दवाढ केली तरच हे बदलेल. त्याआधी हरकती मागवतात, तेव्हा घरपट्टी वाढेल म्हणून विरोध करायचा की नळ येईल म्हणून पाठिंबा द्यायचा, हे वाडीत बसून आधी ठरवा. माझं मत विचाराल तर ज्या गावचा कचरा, पाणी आणि रस्ता शहराशी बांधला गेलाय, त्याला शहराच्या सभागृहात खुर्ची हवी.

प्रश्न : ‘नोटा’ला सर्वांत जास्त मतं पडली तर?
— एक वाचक

उत्तर : स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला. ‘नोटा’ला काल्पनिक उमेदवार मानायचं आणि तो सर्वांत पुढे असेल तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दोन जागांच्या प्रभागात ‘अ’ आणि ‘ब’ला ‘नोटा’चं बटण वेगवेगळं असतं. एकीकडे उमेदवार आणि दुसरीकडे ‘नोटा’, असं मत देता येतं.