पहिला चेनसॉ घेताना
भाऊ, परसातल्या आंब्याच्या वाळक्या फांद्या आणि कुंपणाकडचा आकेशिया, एवढंच काम असेल तर 22 इंची पट्टीच्या (जिच्यावरून चेन फिरते ती) मोहात पडू नकोस. 16 इंची पेट्रोलवाला पुरे. विजेचा हलका असतो, पण वायर बुंध्यापर्यंत पोचायला हवी ना! दुकानात यंत्र दोन्ही हातांनी पाच मिनिटं धरून उभा राहा; मनगटं भरून आली तर ते ठेवून दे. पुढचा चेन-ब्रेक, म्हणजे चेन जागीच थांबवणारा दांडा, ढकलून बघ, टक्कन बसलाच पाहिजे. पट्टीचं टोक लाकडाला टेकलं की करवत उसळून थेट तोंडाकडे येते, तेव्हा हा ब्रेकच वाचवतो. इंजिनात टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) मिसळलेलं पेट्रोल, चेनचं तेल वेगळं. आणि घराला लागून असलेला माड पाडेल्याकडूनच (माडावर चढून काम करणाऱ्याकडून) शेंड्यापासून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घे.