पूल तुटला नसेल, तुम्हीच वजा केला असेल

तुमचं वाचून माझी जुनी अवस्था आठवली. दोन बटू दीर्घिकांची जोडी, मधला हायड्रोजन वायूचा पूल अर्ध्यावर तुटलेला, आणि एकट्या रेडिओ डिशने मोजलेल्यापेक्षा तुमच्या नकाशात फ्लक्स (येणारं एकूण रेडिओ प्रारण) ३० टक्के कमी. इंटरफेरोमीटरने (अनेक अँटेना जोडून केलेल्या दुर्बिणीने) विरळ वायू गाळला का, असं विचारलंय. गाळला असेलही. पण मीही तेच धरून बसलो होतो आणि त्यात आठ महिने गेले.

अमेरिकेतल्या व्हीएलए इंटरफेरोमीटरच्या डी रचनेत (अँटेना सर्वांत जवळ असतात तेव्हा) २१ सेंमीला, म्हणजे हायड्रोजनच्या रेडिओ तरंगलांबीला, साधारण १६ आर्कमिनिटांपेक्षा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोठं काही हाती लागत नाही, हे खरं. तुमची अख्खी जोडी ६ आर्कमिनिटांत मावतेय. मग आखूड बेसलाइनच्या (जवळच्या अँटेनांमधली अंतरं; पसरट वायू तीच पकडतात) नावाने खडे कशाला फोडायचे?

माझा घोळ कंटिन्युअम (वायूच्या रेषेखेरीज सगळ्या वारंवारतांवर येणारं रेडिओ प्रारण) वजा करताना झाला. दोन्ही दीर्घिकांचे दृश्य प्रकाशात मोजलेले वेग पाहिले, दोन्हीकडे ५० किमी/से सोडले, उरलेले चॅनेल (वारंवारतेचे, म्हणजेच वेगाचे अरुंद पट्टे) रिकामे म्हणून कंटिन्युअमच्या फिटला दिले. ओढाताणीत बाहेर फेकला गेलेला वायू असा शिस्तीत थोडाच राहतो! त्याचा एक पदर थेट त्या ‘रिकाम्या’ चॅनेलांत गेला होता. फिटने त्यालाच कंटिन्युअम समजून सगळ्या चॅनेलांतून काढून टाकलं. वर मी फिटला तिसऱ्या घाताची, म्हणजे सहज वळणारी, बहुपदी लावलेली.

आखूड बेसलाइन नसल्याचा ऋण खळगा पसरट असतो, आणि वायू असलेल्या चॅनेलांतच दिसतो. माझ्याकडे खरोखर रिकाम्या चॅनेलांतही त्याच जागी तीच बारीक, वाकडी ऋण शेपटी होती. रोज तिच्यावरून नजर फिरत होती. रंग उलटे केले तेव्हा कुठे दिसली.

दुरुस्ती एका दिवसाची. पण वजाबाकीआधीच्या फाइली मी जागा करायला उडवल्या होत्या. बॅकअप ज्या संगणन केंद्राकडे होता (नाव घेत नाही), तिथून सात आठवडे एकच उत्तर: विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. शेवटी कळलं, ते ९० दिवसांपुढचं ठेवतच नाहीत. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं? कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून केलं.

तेव्हा आधी कच्चा क्यूब (वजाबाकी न केलेली, चॅनेलागणिक नकाशांची चळत) करा, ६० आर्कसेकंदांपर्यंत धूसर करा, त्यात वायू कुठवर जातो ते बघून मगच चॅनेल निवडा. बहुपदी शून्य किंवा पहिल्या घाताची. रोबस्ट ० चे (तपशील आणि संवेदनशीलता यांत मधला मार्ग काढणाऱ्या भारांकनाचे) देखणे नकाशे पुलासाठी कुचकामी, हे माझं वैयक्तिक मत. आपल्या दीर्घिकेशेजारच्या दोन मॅगेलनी मेघांमधला पूल १९६३ साली सापडला तो कमी विभेदनाच्या सर्वेक्षणातच. अर्थात तुमच्या क्षेत्राच्या कडेला प्रखर रेडिओ स्रोत असेल तर पहिला घात पुरणार नाही, तेव्हा माझं डोळे झाकून ऐकू नका.

आणि हो, ती एकटी डिश १०० मीटरची असेल तर तिचा बीम (एका वेळी टिपला जाणारा आकाशाचा तुकडा) २१ सेंमीला ९ आर्कमिनिटांच्या आसपास असतो. त्यात तिसरी एखादी बटू दीर्घिका बसलेली नाही ना, तेही तपासा. ३० टक्क्यांतला काही वाटा तिचाही निघू शकतो.