एसीची थंड हवा खिडकीतून जातेय का?

प्रश्न: खारघरला सातव्या मजल्यावर राहते, बेडरूमची स्लायडिंग खिडकी पश्चिमेला आहे, एसी २४ वर ठेवूनही खोली गार होत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस ठीक आहे. गळती शोधायला थर्मल कॅमेरा लागेल का?

उत्तर: ताई, कॅमेरा राहू द्या, आधी अगरबत्ती घ्या. एसी, पंखे, सगळ्या खिडक्या आणि घराचं मुख्य दार बंद करा, बेडरूमचं आणि किचनचं दार मात्र उघडं ठेवा आणि किचनचा एक्झॉस्ट लावा, म्हणजे बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते, मग पडदा पूर्ण बाजूला सारून अगरबत्ती फ्रेमच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर सरळ वर न जाता खोलीकडे वाकला की तिथेच फट समजा. बहुतेक वेळा ती दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथे सापडते, कारण तिथली ब्रशची पट्टी झिजून चपटी होते. ती बदलून घ्या, फ्रेम आणि भिंतीच्या मधे सिलिकॉन भरा. पण खालच्या ट्रॅकची भोकं अजिबात बुजवू नका हं, ती पावसाचं पाणी बाहेर जायला असतात!

थर्मल कॅमेरा हवा नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, आणि काचेवर प्रतिबिंबामुळे फसतो.

धूर कुठेच वाकला नाही तर दुपारी ४ वाजता काचेला आतून हात लावून बघा. चटका बसला तर त्रास उन्हाचा आहे, त्याला आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) लावलेली जास्त बरी.